शितावरून भाताची परीक्षा : ‘संशोधनात सिद्ध झालंय’ असं कुणी म्हटलं तर काय विचाराल?

ज्यांना कार्यक्रम प्रसारणाच्या वेळी ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी ही आजच्या भागाची संहिता.

तुमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी असा निरोप येत असेल : ‘अमेरिकेत संशोधन झालंय, रोज अमुक खाणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो.’ पुण्याहून मावशी तो पाठवते, नाशिकहून काका विचारतात, “तुमच्या तिकडचंच आहे ना रे हे?” आणि मग खरे प्रश्न सुरू होतात. बाबांची गोळी चालू ठेवायची की नाही? मुलांचं दूध बंद करायचं का? गरोदर असलेल्या वहिनीला काय सांगायचं? एका निरोपावरून घरात निर्णय होतात, म्हणून हा विषय नुसत्या गप्पांचा नाही.

मी डॉक्टर नाही आणि संशोधकही नाही. आयटी सल्लागार आहे. एमबीए करताना संख्याशास्त्र शिकलो आणि कंपन्यांच्या आकडेवारीत ते रोज वापरतो. आज तुम्हाला एवढंच सांगायचं आहे की असा अभ्यास चांगला कसा बनतो, बिघडतो कुठे, आणि ते आपल्यासारख्या सामान्य माणसानं कसं ओळखायचं. उदाहरणं बरीचशी आपल्या मातीतलीच आहेत.

प्रयोग आणि निरीक्षण

अभ्यास मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला प्रयोग. त्यात संशोधक चिठ्ठ्या टाकून ठरवतो की कोणाला औषध द्यायचं आणि कोणाला नाही. दुसरा निरीक्षण. त्यात संशोधक कोणालाही काही करायला सांगत नाही. लोक आपापलं आयुष्य जगतात, तो फक्त पाहतो, मोजतो आणि नोंदवतो. सिगारेटचा परिणाम पाहण्यासाठी कोणाला वीस वर्षं सिगारेट ओढायला लावता येत नाही. म्हणून आरोग्याच्या, आहाराच्या, मुलांच्या वाढीच्या कितीतरी प्रश्नांवर निरीक्षणाशिवाय इलाज नाही.

निरीक्षण म्हणजे कमी प्रतीचं काम, असं समजू नका. पण त्यात एक धोका असतो. तराजूचं एक पारडं आधीच झुकलेलं असेल, तर कितीही वेळा वजन केलं तरी उत्तर चुकीचंच येणार. इंग्रजीत ज्याला बायस म्हणतात, त्याला आपण आज ‘झुकाव’ म्हणू. झुकावाची खोड अशी की माणसांची संख्या वाढवून तो जात नाही. हजाराऐवजी लाख माणसं घेतली तर तीच चूक जास्त आत्मविश्वासानं मांडली जाते, इतकंच.

पहिला झुकाव : कोणाला मोजलं?

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. संख्याशास्त्रातल्या नमुना पाहणीचं सगळं तत्त्व या म्हणीत आहे. पण ती कधी खरी ठरते? भात सगळीकडे सारखा शिजला असेल, किंवा शीत कुठूनही उचललं असेल तेव्हा. वरचंच शीत चेपून पाहिलं, तर तळाला करपलेलं कळत नाही.

आपल्या स्टेट कॉलेजचंच घ्या. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सुमारे ४० हजार. बीव्हर स्टेडियममध्ये मात्र एक लाखाहून जास्त माणसं बसतात. फुटबॉलच्या शनिवारी कॉलेज अव्हेन्यूवर उभं राहून कोणी ‘स्टेट कॉलेजकरांची’ पाहणी केली, तर ती कोणाची होईल? बरीचशी पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फियाहून आलेल्या पाहुण्यांची. तीच पाहणी जुलैत केली तर विद्यार्थी गायब. वार बदलला, महिना बदलला की गाव बदलतं.

सरकारी आकड्यांतही ही गंमत दिसते. विद्यापीठांच्या गावांत गरिबीचं प्रमाण कागदावर बरंच जास्त दिसतं. वसतिगृहात राहणारी मुलं त्या हिशेबात धरत नाहीत, पण बाहेर अपार्टमेंट घेऊन राहणारी धरतात. त्यांचं स्वतःचं उत्पन्न तुटपुंजं असतं आणि आईवडील परस्पर भरतात ती फी त्यात दिसत नाही. आकडा खोटा नसतो. पण ‘या गावात एवढी गरीब कुटुंबं आहेत’ असा अर्थ काढला, तर तो अर्थ चुकतो.

आता गडचिरोलीला चला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि गडचिरोलीत जाऊन त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. खेड्यातल्या स्त्रियांना किती आणि कोणते स्त्रीरोग होतात, हा त्यांच्यापुढचा एक प्रश्न होता. सोपी वाट होती : दवाखान्यात येणाऱ्या बायका मोजायच्या. पण दवाखान्यात कोण येतं? जिला त्रास असह्य झालाय, जिच्या हातात पैसे आहेत, जिला घरून परवानगी आहे आणि जिची लाज त्रासापेक्षा लहान झाली आहे, ती. बाकीच्या मोजणीत येतच नाहीत. मग पुस्तकात लिहिलं जातं की खेड्यात हे आजार फारसे नाहीत.

बंग पतीपत्नी दवाखान्यात थांबले नाहीत. त्यांनी दोन गावं घेतली आणि तक्रार असो वा नसो, तिथल्या स्त्रियांना तपासणीसाठी बोलावलं. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. सरासरी काढली तर एकेकीला ३.६ आजार. आणि याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के.

अजून एक आकडा नीट ऐका. या ६५० पैकी ४५ टक्के स्त्रियांची काहीही तक्रार नव्हती. म्हणजे ‘काही त्रास आहे का?’ एवढंच विचारून, हो म्हणणाऱ्यांनाच तपासलं असतं, तरी मोठा भाग निसटला असता. आजार तिथे आधीपासूनच होता. तो दिसला तो मोजायला कुठे उभं राहायचं हे बदलल्यामुळे. खेड्यातल्या प्राथमिक आरोग्यसेवेत स्त्रीरोगांची तपासणी आणि उपचार हवेत, ही मागणी या आकड्यांच्या जोरावर जगापुढे मांडता आली.

म्हणून कोणताही अभ्यास वाचताना पहिला प्रश्न : यात कोण आलं, आणि कोण येऊच शकलं नाही?

दुसरा झुकाव : तिसराच कोणी

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, हे आपण लहानपणापासून ऐकतो. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं नाही. पण अभ्यासात बहुतेक वेळा निव्वळ योगायोग नसतो, तिसराच कोणी मागून दोन्ही दोऱ्या ओढत असतो.

माझ्या क्षेत्रातलं उदाहरण देतो. एखादी कंपनी सॉफ्टवेअर विकते आणि ग्राहकांना फुकट प्रशिक्षण देते. वर्षाअखेरीला दिसतं की प्रशिक्षण घेतलेले ग्राहक करार जास्त प्रमाणात पुढे चालू ठेवतात. लगेच निष्कर्ष निघतो, ‘प्रशिक्षणामुळे ग्राहक टिकतात, त्यावर खर्च वाढवा.’ पण प्रशिक्षणाला वेळ काढून कोण आलं? ज्यांना ते सॉफ्टवेअर मुळातच कामाचं वाटत होतं ते. ते तसेही टिकलेच असते.

हीच गोष्ट औषधांच्या बाबतीत घडली तेव्हा लाखो स्त्रियांच्या आरोग्याचा प्रश्न झाला. पाळी गेल्यानंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार बराच कमी होतो, असं अनेक निरीक्षणांतून १९८० आणि ९० च्या दशकांत दिसलं. पुष्कळ डॉक्टर त्याच आशेनं या गोळ्या देऊ लागले. मग अमेरिकेत मोठा प्रयोग झाला, ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’. त्यात १६ हजारांहून जास्त स्त्रियांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं, एका गटाला दोन हार्मोनांची एकत्र गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. २००२ मध्ये हा भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. हृदयविकार कमी झाला नव्हता, उलट थोडा वाढला होता. पक्षाघात आणि स्तनाचा कर्करोगही वाढलेले दिसले.

मग आधीच्या अभ्यासांत काय झालं होतं? गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया सरासरीनं अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या, व्यायाम करणाऱ्या आणि नियमित डॉक्टरकडे जाणाऱ्या होत्या. हृदय सांभाळलं जात होतं त्यात या सगळ्याचाही वाटा होता. पुढे आणखी एक बाजू समोर आली : प्रयोगातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं आणि पाळी गेल्यावर लगेच गोळ्या सुरू करणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं असू शकतं. म्हणजे ‘निरीक्षण खोटं, प्रयोग खरा’ इतकं सरळ नाही. प्रयोगाचं उत्तरही ज्या माणसांवर तो झाला, त्यांच्यापुरतंच आधी वाचायचं असतं.

म्हणून दुसरा प्रश्न : हे करणारे आणि न करणारे, यांच्यात आणखी काय काय वेगळं होतं?

पुण्याजवळच्या सहा गावांतून मुंबईच्या वस्त्यांपर्यंत

आता एक चांगलं घडलेलं काम पाहू. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. त्याची मोठी खुबी काळाच्या क्रमात आहे. बाळ झाल्यावर आईला ‘तू गरोदरपणात काय खाल्लंस?’ असं विचारलं नाही. गरोदर राहण्याच्या आधीपासूनच स्त्रियांची नोंद ठेवली, गरोदरपणात ठराविक टप्प्यांवर आहार मोजला आणि मग बाळाचं वजन, लांबी, त्वचेखालची चरबी मोजली. आधी कारण नोंदवायचं आणि परिणामाची वाट पाहायची. त्यामुळे बाळ अशक्त निघालं म्हणून आईची आठवण बदलली, असं होण्याला जागाच उरली नाही.

या अभ्यासातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, इथली बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. तरी आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानानं कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. दिसायला किरकोळ, आतून चरबी राखून. आपल्यात मधुमेह लवकर का होतो, या प्रश्नाकडे यानंतर जन्माआधीपासून पाहिलं जाऊ लागलं.

दुसरी गोष्ट, आईनं किती कॅलरी खाल्ल्या याच्याशी बाळाच्या आकाराचा फारसा संबंध दिसला नाही. पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली, याच्याशी दिसला. आता तुम्हीच विचारा : ज्या घरात फळं येतात, त्या घराची परिस्थिती बरी असेल, आई जास्त शिकलेली असेल, म्हणून तर बाळ मोठं नसेल? संशोधकांनीही हे विचारलं आणि उपलब्ध माहितीच्या आधारे त्याचा हिशेब केला. संबंध तरी उरला. पण हिशेब फक्त मोजलेल्या गोष्टींचाच करता येतो. न मोजलेलं तसंच राहतं.

म्हणून पुढची पायरी आली. २००६ पासून मुंबईच्या वस्त्यांत साडेसहा हजार स्त्रियांवर प्रयोग झाला. एका गटाला रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला, दुसऱ्याला बटाटा, कांदा अशा पदार्थांचा खाऊ. गट चिठ्ठ्या टाकून ठरले. खाऊ गरोदर राहण्याच्या आधीपासून सुरू केला आणि कोणी किती खाल्ला याची नोंद ठेवली. निकाल काय? सगळ्या जणी धरल्या तर बाळाच्या वजनात ठोस म्हणावा असा फरक पडला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधी खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनं जास्त भरलं. आणि गरोदरपणातला मधुमेह एका गटात ७.३ टक्के, दुसऱ्यात १२.४ टक्के निघाला.

निरीक्षणानं दिशा दाखवली, प्रयोगानं ती तपासली, आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात संपलं नाही. व्हॉट्सॲपवर मात्र यातलं एकच वाक्य फिरेल, ‘पालेभाजी खा, बाळ गुटगुटीत होईल.’

तिसरा झुकाव : मोजलं कशानं?

स्टेट कॉलेजला आणि संख्याशास्त्राला जोडणारं मोठं नाव म्हणजे सी. आर. राव. १९८८ मध्ये ते पेन स्टेटमध्ये प्राध्यापक म्हणून आले. २०२३ मध्ये त्यांना संख्याशास्त्रातला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी, वयाच्या १०२ व्या वर्षी, ते गेले. ‘स्टॅटिस्टिक्स अँड ट्रुथ’ या पुस्तकात त्यांनी एक किस्सा दिला आहे.

१९४७ मध्ये दिल्लीत दंगली झाल्या तेव्हा खूप लोकांनी लाल किल्ल्यात आसरा घेतला. त्यांच्या जेवणाचं काम ठेकेदारांकडे होतं. आत माणसं किती, हे सरकारला ठाऊक नव्हतं, त्यामुळे ठेकेदार देतील ते बिल. जे. एम. सेनगुप्ता या संख्याशास्त्रज्ञांनी बिलातला तांदूळ, डाळ आणि मीठ वेगवेगळं घेतलं आणि प्रत्येकाला दरडोई खपानं भागलं. तीन उत्तरं आली. तांदळावरून माणसं सर्वात जास्त निघाली, मिठावरून सर्वात कमी. मीठ स्वस्त, त्याचा आकडा फुगवून कोणाला काय मिळणार? म्हणून मिठाचं उत्तर खरं धरलं. हुमायूनच्या कबरीजवळच्या लहान छावणीत ही पद्धत पडताळूनही पाहिली होती.

कोणत्या आकड्यात कोणाचा स्वार्थ किंवा संकोच मिसळलाय, हा त्यातला धडा. डॉक्टरांच्या फॉर्ममध्ये आपण व्यायामाचे तास वाढवून लिहितो आणि दिवाळीतल्या चकल्या विसरतो. ‘महिन्याला तेल किती लागतं?’ याचं उत्तर घरातल्या दोघांचं वेगळं येतं. आजारी मुलाची आई मागचं सगळं आठवून सांगते, निरोगी मुलाच्या आईला ते आठवायचं कारणच नसतं. मग दोन्ही गट एकाच मापानं मोजले, असं कसं म्हणायचं?

आणि आपण, इथले?

अमेरिकेतल्या पुष्कळ आकडेवारीत ‘एशियन’ नावाची एकच चौकट असते. चिनी, फिलिपिनो, जपानी, भारतीय सगळे एकत्र. त्यात आपला हृदयविकाराचा धोका झाकला जातो. म्हणून २०१० मध्ये ‘मसाला’ नावाचा अभ्यास सुरू झाला, खास दक्षिण आशियाई लोकांचा. सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर आणि शिकागो इथून, आधी हृदयविकार नसलेले ४० ते ८४ वयाचे ९०६ जण निवडले आणि त्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा सुरू झाला.

लोक शोधले कसे? आडनावांवरून. कल्पना हुशारीची आहे, पण आता तुम्ही पहिला प्रश्न विचारायला शिकलात. कुलकर्णी आणि पाटील सापडतील. गोव्याकडचे डिसोझा आणि फर्नांडिस? लग्नानंतर आडनाव मिलर झालेली आपली मुलगी? त्या निसटू शकतात. शिवाय सहभागी झालेले बहुतेक उच्चशिक्षित. मोटेल चालवणारे, टॅक्सी चालवणारे, विमा नसलेले आपले लोक त्यात कमी. अभ्यास टाकाऊ ठरत नाही, तो कोणाविषयी बोलतोय हे फक्त लक्षात ठेवायचं.

आणि एक विनंती. अशा अभ्यासाचं पत्र तुमच्याकडे आलं, तर ते जाहिरात समजून फेकू नका. विद्यापीठाच्या अधिकृत क्रमांकावर खात्री करून घ्या, माहिती गुप्त कशी ठेवणार ते विचारा, पटलं तर सामील व्हा. निवडलेल्यांपैकी जे उत्तर देत नाहीत, ते निकालातून पुसले जातात.

मंडळानं पाहणी करायची ठरवली तर

समजा तुमच्या मंडळाला जाणून घ्यायचंय : रविवारच्या मराठी शाळेमुळे मुलं मराठी बोलतात का? शाळेत जाऊन मुलांना विचारू नका. तिथे तीच मुलं असतात ज्यांच्या घरी मराठीची ओढ आहे, आणि कंटाळून सोडून गेलेली मुलं तिथे नसतात. त्याऐवजी असं करा :

१. प्रश्न आधी लिहा, आणि ‘मराठी बोलणं’ म्हणजे काय ते ठरवा. आजीशी फोनवर पाच मिनिटं? की फक्त समजणं?

२. गावातल्या शक्य तेवढ्या सगळ्या मराठी घरांची यादी करा, मंडळाची वर्गणी न भरणाऱ्यांचीसुद्धा. त्यातून चिठ्ठ्या टाकून घरं निवडा.

३. उत्तर न देणाऱ्यांना पुन्हा फोन करा. चाळीस जणांनी उत्साहानं भरलेल्या फॉर्मपेक्षा, चिठ्ठीनं निवडलेल्या वीस घरांपैकी अठरांची उत्तरं मोलाची.

४. शाळेत घालण्याआधी मूल किती मराठी बोलत होतं, घरी आजीआजोबा आहेत का, आईवडील दोघं मराठी आहेत का, हे नोंदवा. तिसरा कोणी इथेच लपलेला असतो.

५. दोन्ही गटांना तेच प्रश्न, त्याच माणसानं विचारा. शक्यतो त्याला मूल कुठल्या गटातलं ते माहीत नसावं.

६. कशाची तुलना करणार ते आधी कागदावर लिहून ठेवा. वीस तुलना करून एक जुळलेली छापणं, म्हणजे बाण मारून मग भोवती वर्तुळ काढणं.

तर मंडळी, पुढचा निरोप आला की चार गोष्टी विचारा. कोणाला मोजलं? करणारे आणि न करणारे आणखी कशात वेगळे होते? आधी काय घडलं, नंतर काय? आणि मोजलं कशानं? उत्तरं मिळाली नाहीत तर निरोप पुढे पाठवू नका, आणि त्याच्या भरवशावर घरातल्या कोणाची गोळी तर अजिबात बंद करू नका. ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. मावशीला मात्र प्रेमानं सांगा, “मावशी, तो अभ्यास कोणावर झाला ते जरा विचारून बघ ना.”

तुमच्या घरी असा एखादा निरोप अडकून पडला असेल, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या एखाद्या भागात आपण तो मिळून तपासू. तोवर काळजी घ्या. नमस्कार!